ह्यांनी पुसलेली बहीण

लग्न होऊन या घरात आले आणि ह्यांना पहिला प्रश्न विचारला तो पडद्याचा. नवी नवरी दुसरं काहीतरी लाडाचं विचारते. मी विचारलं, "तुमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत हा पडदा कसला हो?" हे चहा पीत होते. कप खाली ठेवला, "स्टुडिओतला आहे" म्हणाले आणि उठून खाली गेले. अर्धा चहा तसाच. हा माणूस अर्धा चहा टाकून उठला की समजायचं, खोटं बोलतोय. पुढची सगळी वर्षं मी ते कपावरूनच ओळखत आले.

खाली फोटोस्टुडिओ, वर आमच्या तीन खोल्या, मधे आतून लाकडी जिना. फोटो काढायचे सासरे. हे टचिंग करायचे. टचिंग म्हणजे काय ते आता माझ्या लेकीलाही धड सांगता येत नाही, कारण आता ते फोनच करतो. तेव्हा ते माणूस करायचा. निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीनं, प्रिंटवर बारीक ब्रशनं. मुरुमं घालवायची, डोळ्यांखालचं काळं घालवायचं, देवीचे व्रण घालवायचे, टकलावर थोडी आशा उगवायची. गेलेल्या वडिलांना ग्रुपमध्ये मधोमध खुर्चीवर आणून बसवायचं. एक गृहस्थ आले होते, साडूला फोटोतून काढा म्हणून. भांडण झालं होतं. ह्यांनी साडूच्या जागी कुंडी काढली. काही महिन्यांनी तेच गृहस्थ परत आले, समेट झाला, साडूला बसवा. हे म्हणाले, "कुंडी ठेवू का काढू?" चेष्टा नव्हे, मनापासून विचारलं. असे आमचे हे.

दिसायला काडी. बोलायला त्याहून कमी. दिवसभर खिडकीपाशी बसायचे, डोळ्याला भिंग, ब्रशचं टोक जिभेवर ओलं करून घ्यायचे. जेवताना कधीतरी जीभ करडी दिसायची. मी ओरडायचे, हे म्हणायचे, "पोटात गेलं तर आतून गोरा होईन." वर्षातून एखादा विनोद करायचे, तो असा. पण शहराच्या दुसऱ्या टोकाहून लोक यायचे ह्यांच्याकडे. ह्यांच्या हाताखालून गेलेला चेहरा माणसाला स्वतःचाच वाटायचा, फक्त बरं झोपून उठल्यासारखा.

आणि मी कशी, तर मला रहस्यकादंबऱ्यांचं वेड. वाचनालयातून आणायची, स्वयंपाक करताना कणकेचे हात लावून वाचायची, वाचनालयवाला पानं बघून कपाळाला हात लावायचा. मोठं जुनं घर, बंद खोली, कुणाचं नाव काढलं की सगळे एकमेकांकडे बघणार, भिंतीवरची तसबीर, वाऱ्यानं विझणारी मेणबत्ती. मला वाटायचं, काय मज्जा असेल अशा घरात सून म्हणून जायला. कर्म माझं. गेले आणि मेणबत्तीसुद्धा नव्हती. स्वच्छ ट्यूबलाइट, आणि भिंतीवर ओळीनं दहा-बारा ग्रुपफोटो. सासरे दर वर्षी एक काढायचे, स्टुडिओ सुरू केला त्या तारखेला. सासरे, सासूबाई, लहानपणचे हे. आणि प्रत्येक फोटोत सासूबाईंच्या डाव्या बाजूला तो पडदा. सरळ चुण्यांचा, जमिनीपर्यंत. स्टुडिओत तसला पडदाच नव्हता. मी खाली जाऊन सगळं शोधून आले होते.

एका दुपारी हे जेवून आडवे झाले असताना मी ह्यांचं भिंग उचललं आणि एकेक फोटो तपासायला घेतला. शेवटच्या फोटोत सासूबाईंच्या खांद्यावर चार बोटं होती. सासूबाईंचे दोन्ही हात मांडीवर. सासरे पलीकडे. हे पुढे, शाळेच्या चड्डीत. पडद्यातून बाहेर आलेली चार बोटं, नखं नीट कापलेली, कुणाची नाहीत. कादंबरीत नायिका इथं किंचाळते. मी किंचाळले नाही, पदरानं भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा निवडत होत्या. मी जाऊन सरळ विचारलं, "आई, तुमच्या खांद्यावर हात कुणाचा?" त्या म्हणाल्या, "बघ गं, भाजी करपेल." गॅसवर काही नव्हतंच. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा उजवा हात उठला आणि डाव्या खांद्यावर जाऊन बसला. शेंगा तशाच. मी बाहेर आले. मला गप्प करणं सोपं नाही, पण त्या दिवशी मी गप्प बसले.

बाहेरून कळलंच. समोरच्या शिंप्याच्या बायकोच्या पोटात काही राहत नाही. "अगं, तुला सांगितलंच नाही होय? तुझी मोठी नणंद. पळून गेली कुणाबरोबर तरी. तुझ्या सासऱ्यांनी त्या दिवसापासून नाव टाकलं." म्हणजे मला नणंद होती. घरात चौथं माणूस होतं, आणि त्याच्या चुण्या घालून पडदा केला होता.

सासरे असेपर्यंत हा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. ते चालत आले की जिनासुद्धा वेगळा वाजायचा. ओरडायचे नाहीत, नुसतं बघायचे. त्यांच्यासमोर सासूबाई ताट वाढताना वाटी वाजू द्यायच्या नाहीत. मला वाटायचं, शिस्त आहे. मूर्ख मी. एवढी रहस्यं वाचली आणि डोळ्यांसमोर बाई वाटी वाजू देत नाही ते मला शिस्त वाटलं.

ते गेले त्यानंतर कधीतरी हे आपणहून बोलले. इस्त्री करत होते, पाठ माझ्याकडे होती. पंधरा वर्षांचे होते म्हणे. ताई गेली त्याच आठवड्यात बाबांनी भिंतीवरचे सगळे फोटो उतरवून टेबलावर मांडले, पुढ्यात ब्लेड आणि ब्रश ठेवला. धंदा शिकायचाय ना, इथून सुरुवात कर, म्हणाले. निगेटिव्ह त्यांनी स्वतः जाळल्या होत्या. ह्यांनी ब्लेडनं ताईचा चेहरा खरवडला, खांदे खरवडले, वरून पडदा रंगवला. एक झाला की दुसरा.

"हात कसा चालला हो तुमचा?"

"राग होता ना," हे म्हणाले. "मला सांभाळलं तिनं. पेन्सिल धरायला तिनं शिकवली. आणि जाताना मला उठवलंसुद्धा नाही. तू सांग, उठवायला नको होतं?"

मी बोटांचं विचारलं. म्हणाले, तिथपर्यंत आलो आणि बाबांनी जेवायला हाक मारली. उठलो तो परत बसलोच नाही. बाबांच्या कधी लक्षात आलं नाही, आणि आई त्या फोटोवरची धूळ रोज स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

बहिणीवरचा तो राग ह्यांनी जन्मभर नीट घडी घालून ठेवला होता. रस्त्यात कुणी थोरली बहीण धाकट्या भावाचं नाक पुसताना दिसली तरी हे दुसरीकडे बघायचे. मला कीव यायची, आणि खरं सांगू का, त्या न पाहिलेल्या वन्संचा मलाही राग यायचा. जायचं तर जा बाई. पण लहान पोराला एक शब्द बोलून जायला काय झालं होतं?

मग सासूबाईंचे डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदू. कडेनं अंधार आत सरकत आला आणि मधे नाण्याएवढी जागा उरली. बशी दिसायची तर कप दिसायचा नाही. डॉक्टर सरळ म्हणाले, गेलेलं परत येणार नाही आणि राहिलेलंही जाणार आहे, पावसाळ्यापर्यंत टिकलं तर नशीब. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. घरी येऊन खुर्चीत बसल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "डोळे आहेत तोवर मला पोरीचं तोंड एकदा दाखव."

इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी तिला 'पोरगी' म्हटलं. ह्यांच्या हातात त्यांच्या औषधाची बाटली होती, ती कुठं ठेवावी हेच ह्यांना सुचेना.

दाखवायचं कुठून? निगेटिव्हची राख झालेली. शाळेतला फोटो मिळेल म्हणून हे शाळेत गेले, ती शाळाच आता राहिली नव्हती. नातेवाइकांकडे विचारलं, त्यांच्याकडचे सासऱ्यांनी तेव्हाच मागून घेतले होते. खरवडलेल्या प्रिंटवरचा रंग ह्यांनी ओल्या कापसानं हलक्या हातानं काढून पाहिला. पडदा निघाला. खाली नुसता पांढरा कागद. त्या संध्याकाळी हे मला म्हणाले, "किती नीट खरवडलंय बघ. पंधरा वर्षांच्या पोरानं." आणि जेवले नाहीत.

उरली ती फक्त आठवण. बोटांच्या फोटोचा ह्यांनी पुन्हा फोटो घेतला, मोठा प्रिंट काढला आणि पडद्याच्या जागी बहीण रंगवायला बसले. तोवर स्टुडिओत गिऱ्हाईक जेमतेम होतं, टचिंगला तर कुणीच नाही. सकाळचा उजेड आला की बसायचे, उजेड उतरला की उठायचे. कधी चिडून प्रिंट फाडायचे. नाक जमलं तर हनुवटी जमायची नाही. माझ्याकडे वळून विचारायचे, "अशी होती का?" अहो, मी कुठं पाहिलीय तिला? पण मी म्हणायचे, "डोळे जरा अजून हसरे असतील." कारण हे हसले की कसे दिसतात ते मला ठाऊक होतं. इकडे सासूबाईंचं नाणं रोज लहान होत होतं. सकाळी माझा चेहरा शोधायला त्यांना मान तीन-तीनदा हलवावी लागायची. माझा जीव टांगणीला लागला होता, की ह्यांचा ब्रश आधी पोचतो का अंधार.

झाला एकदाचा फोटो. काय सांगू, इतकी देखणी मुलगी. एकोणीस वर्षांची, दोन वेण्या, मान जराशी कललेली, कपाळ स्वच्छ, गालावर उजेड, आईच्या खांद्यावर हात, आणि आता त्या बोटांना माणूस होतं. हे स्वतःवर खूश होते. असे मी त्यांना क्वचित पाहिलेत. आम्ही दोघं वर गेलो, सासूबाईंना खिडकीशी बसवलं, फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वर धरला, खाली धरला, जवळ आणला, त्या एवढ्याशा जागेत चेहरा आणून बसवला. खूप वेळ बघत होत्या.

"छान आहे," म्हणाल्या. "कोण आहे ही?"

हे उभ्या उभ्या विझले. मी पटकन म्हटलं, "अहो आई, वन्सं ना."

"हिची खूण कुठाय?" त्यांनी स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं आणि तिथून तिरकं वर केसांपर्यंत नेलं. "इथून इथपर्यंत. एवढी मोठी खूण आणि तुला आठवली नाही?"

आठवत होती. ह्यांना चांगली आठवत होती. ह्यांनी ती रंगवलीच नाही. मुद्दाम नव्हे. चाळीस वर्षं ह्या हातानं चेहऱ्यावर खूण दिसली की घालवली, आता हाताला विचारावं लागत नव्हतं. सख्ख्या बहिणीला कपाळ देताना हातानं ते आपोआप स्वच्छ करून टाकलं, आणि ह्यांच्या ध्यानातही आलं नाही. हे खाली जमिनीवरच बसले. "ती दारावर पडली होती ना, तेव्हाची," असं काहीतरी पुटपुटले.

"दारावर नाही पडली," सासूबाई म्हणाल्या.

आणि मग त्या बोलल्या. वादळ नाही, वीज नाही, खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. अगदी साध्या आवाजात, बाजारातून भाजी आणायला सांगावी तशा. तुझे बाबा मला मारायचे. तू झोपलेला असायचास नाहीतर शाळेत. एकदा कॅमेऱ्याच्या स्टँडचा लोखंडी पाय उचलला होता, ती मधे आली. मला बसायचा तो तिला बसला. टाके पडले, लोकांना दार सांगितलं. त्यानंतर ती ऐकेचना. दर वेळी मधे यायची, उलट बोलायची. मला कळलं, एक दिवस तो हिला मारून टाकणार. म्हणून पहाटे मागचं दार मी उघडलं. माझी एक मैत्रीण दूर गावी नर्स होती, तिच्याकडे जा म्हटलं. आणि परत येऊ नकोस. पत्र टाकू नकोस. मी बोलावल्याशिवाय या घराच्या वाटेला येऊ नकोस. तिला शपथ घातली माझी.

"पण ती पळून गेली कुणाबरोबर," हे म्हणाले.

"ते मी सांगितलं. तसं सांगितलं म्हणजे तुझे बाबा लाजेनं शोधायला जाणार नाहीत. माझ्या पोरीच्या नावाला मीच काळं फासलं, आणि मग तू ब्लेड घेऊन बसलास तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून राहिले."

मला तिथंच बसून ओरडावंसं वाटलं. मेलेल्या सासऱ्यांवर, ह्यांच्यावर, त्या शेंगांवर, माझ्या त्या सगळ्या मूर्ख कादंबऱ्यांवर. हे मात्र लहान मुलासारखं एकच विचारत राहिले. "मला का नाही उठवलं तिनं?"

"उठवणार होती रे. मीच नाही म्हटलं. तू रडला असतास तर तो जागा झाला असता. तुझ्या अंथरुणाशी उभी होती ती किती वेळ. चपला हातात धरून. मी ओढून नेली तिला."

आमचे हे तेव्हा साठीला आलेले. मी त्यांना असं रडताना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ती खूण रंगवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या चेहऱ्यावर खूण घातली. एकदा पातळ रेघ, मग त्यावर दुसरी, टाक्यांचे ठिपकेसुद्धा. सासूबाईंनी फोटो वर धरला, शोधला, आणि त्यांचं तोंडच बदललं. "आलीस का गं," म्हणाल्या. त्यांना तो फोटो चार-पाच दिवस पुरला. मग सगळाच अंधार झाला.

पण त्यांना आता वेगळंच लागलं होतं. "ती माझं ऐकते," त्या म्हणायच्या. "लहानपणापासून एकदा सांगितलं की सांगितलं. मी म्हटलं येऊ नकोस, म्हणून ती बसलीय कुठंतरी. बाबा गेले हे तिला कोण सांगणार? आता ये म्हणून मी कुठं ओरडू?"

आम्ही शोधलं. नर्स मैत्रीण कधीच वारली होती, त्या गावात कुणाला काही ठाऊक नव्हतं. लेकीनं फोटो फोनवर सगळीकडे टाकला, हजार अनोळखी माणसांनी हळहळ पाठवली, वन्सं काही सापडल्या नाहीत. शेवटी ह्यांनी स्टुडिओच्या शोकेसमधले सगळे जुने हसरे चेहरे काढले आणि मधोमध तो एकच फोटो लावला. सासूबाई म्हणाल्या, खाली लिही. ह्यांनी बारीक ब्रशनं काचेवर लिहिलं, "ये. आई वाट बघतेय."

मी म्हटलं, अहो, आज त्या म्हाताऱ्या झाल्या असतील. एकोणिशीतला चेहरा बघून त्यांना स्वतःलाच ओळख पटायची नाही. हे म्हणाले, "चेहऱ्यानं नाही पटायची. पण ती खूण ती रोज आरशात बघत असेल."

रोज सकाळी सासूबाई विचारायच्या, "लावलाय ना?" हे म्हणायचे, "लावलाय." जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की त्या पदर सारखा करून बसायच्या. दूधवाला आला तरी. मला ते बघवायचं नाही, मी आत जाऊन भांडी आपटायची. त्या तशाच, पदर सारखा करून, एका दुपारी खुर्चीतच गेल्या.

आता स्टुडिओ म्हणजे नुसती शोकेस. आत कुणी फोटो काढत नाही. लेक म्हणते, बाबा, बंद करा, आमच्याकडे या. हे मान हलवतात आणि अर्धा चहा टाकून खाली जातात. परवा मीच धीर करून फडकं ओलं केलं आणि काचेशी गेले. आई वाट बघतेय म्हणे. कुठली आई? उद्या खरंच त्या आल्या, वाचून जिना चढून आल्या, तर रिकामी खुर्ची दाखवायची? हे धावत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचा हात मला असा कधी लागला नव्हता.

"राहू दे," म्हणाले. "एकदा पुसलीय मी तिला."

"आणि वर आल्यावर काय सांगायचं?"

"तू सांग. तुला बोलता येतं."

येतं की. गल्लीत कुणालाही विचारा. तेव्हापासून भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना मी मनातल्या मनात जुळवत असते. या वन्सं, बसा. पाणी घ्या आधी. एवढं म्हणते, आणि त्याच्या पुढचं वाक्य मला अजून जमलेलं नाही.